लाउडन काउंटी, डेटा सेंटर आणि पब्लिक हिअरिंग: जाऊन काही होतं का?

चहाबाज
नमस्कार मंडळी. आम्ही अॅशबर्नला राहतो, व्हर्जिनियात, लाउडन काउंटी. आमच्या कम्युनिटीच्या मागे झाडांचा पट्टा आहे आणि त्यापलीकडे बरीच मोठी रिकामी जागा. घर घेताना एजंट म्हणाला होता तिथे लो-राइज ऑफिसं येतील. आता रस्त्याकडेला काउंटीची नोटीसची पाटी लागलीय, स्पेशल एक्सेप्शनचा (म्हणजे काउंटीच्या खास परवानगीचा) अर्ज, डेटा सेंटर. आधी प्लॅनिंग कमिशन, मग बोर्ड ऑफ सुपरवायझर्स (काउंटीचं निवडून आलेलं बोर्ड), दोन्हीकडे पब्लिक हिअरिंग असतं म्हणे.

तर प्रश्न असे. १) अशा हिअरिंगला जाऊन दोन-तीन मिनिटं बोलून काही फरक पडतो का, की सगळं आधीच ठरलेलं असतं? २) आम्ही अजून एच वन वर आहोत, आम्हाला बोलता येतं का? नवरा म्हणतो आपण इथे पाहुणे, कशाला सरकारदरबारी तोंड उघडायचं. मला ते पटत नाहीये, प्रॉपर्टी टॅक्स भरताना कोणी पाहुणे म्हणत नाही. कोणी प्रत्यक्ष गेलंय का?

खवट_म्हातारा
ज्या भागाला डेटा सेंटर अॅली म्हणतात तिथेच घर घ्यायचं आणि मागे डेटा सेंटर आलं म्हणून धागा काढायचा. समुद्रात घर बांधून लाटांची तक्रार.

भटकी_जमात
खवट आजोबा आले, आता धागा पन्नाशी गाठणार.

चहाबाज, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. बोलता येतं. नाव नोंदवायचं, कुठल्या डिस्ट्रिक्टमध्ये राहता ते सांगायचं, बस. व्हिसा कोणी विचारत नाही. मत देणं वेगळं आणि म्हणणं मांडणं वेगळं. आम्ही शाळांच्या बाउंड्री बदलल्या तेव्हा गेलो होतो, तेव्हा आमचंही ग्रीनकार्ड आलं नव्हतं. (ते मात्र स्कूल बोर्डापुढे. ते वेगळं निवडून येतं, पैसे मोठ्या प्रमाणावर काउंटी बोर्ड देतं आणि मग दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.) फक्त आधी नाव नोंदवा, आयत्या वेळी गेलात तर तुमचा नंबर येईपर्यंत लोक जांभया देत असतात. आणि बोलायचं नसेल तर सरळ ईमेल करा, तीही रेकॉर्डवर जाते.

पाटीवाचक
पहिल्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण यात एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. मार्च २०२५ पर्यंत लाउडनमध्ये बऱ्याच झोनमध्ये डेटा सेंटर 'बाय-राइट' होतं. म्हणजे झोनिंगमध्ये बसतंय ना, मग बांधा, हिअरिंग नाही, मतदान नाही, शेजाऱ्यांना विचारायचा प्रश्नच नाही. फक्त साइट प्लॅन नियमात आहे का एवढं कर्मचारी तपासणार. बोर्डाने मार्च २०२५ मध्ये हे बंद केलं आणि आता स्पेशल एक्सेप्शन लागतं. म्हणजे तुमच्या मागे जी पाटी लागलीय ती पाटीच मुळात लोकांनी वर्षानुवर्षं डोकं खाल्लं म्हणून लागलीय. आधी असतं तर तुम्हाला बुलडोझर दिसल्यावर कळलं असतं.

त्यामुळे 'काही फरक पडतो का' याचं उत्तर, हो पडतो, पण हिअरिंगच्या रात्री नाही पडत. त्याच्या बराच आधी पडतो. सविस्तर नंतर लिहितो, मीटिंग आहे.

टॅक्सवाचवा
थोडी दुसरी बाजू मांडू का, शिव्या घालू नका. डेटा सेंटरमधल्या कॉम्प्युटरवर काउंटी पर्सनल प्रॉपर्टी टॅक्स लावते आणि ती यंत्रं सतत बदलली जातात, त्यामुळे पैसा सतत येत राहतो. काउंटीचाच आकडा आहे की डेटा सेंटरना दिलेल्या सेवांवर एक डॉलर खर्च झाला तर डेटा सेंटरकडून २६ डॉलर येतात. शाळेत मुलं पाठवत नाहीत, रस्त्यावर गाड्या आणत नाहीत.

आता घराचं बघा. २०२५ चा दर लाउडनमध्ये घराच्या किमतीच्या दर शंभर डॉलरला ८०.५ सेंट. शेजारी फेअरफॅक्समध्ये १.१२२५ डॉलर. आठ लाखांच्या घराला इथे ६,४४० आणि तिथे ८,९८०. अडीच हजाराचा फरक, दरवर्षी. हे कुठून येतात असं वाटतं?

निद्रानाश
टॅक्सवाचवा, तुमच्या घरामागे आहे का एखादं?

आमच्या आहे. मोठा आवाज नसतोच, म्हणून तर कोणाला समजावता येत नाही. एक बारीक घूं असते, चोवीस तास, चिलर्सची. दिवसा कळत नाही. रात्री अडीचला डिशवॉशर थांबला, एसी थांबला की उरते. पाहुणे आले की विचारतात तुमचा फ्रिज बिघडलाय का. जनरेटरची टेस्ट असते तेव्हा खिडकीच्या काचेला तळहात लावला तर थरथर लागते. मी काउंटीला फोन केला, माणूस आला, मीटर लावलं, मर्यादेच्या आत आहे म्हणाला आणि गेला. खोटं नव्हता बोलत तो, मर्यादेच्या आतच होतं.

अडीच हजार वाचतात ते मान्य. त्यातले काही इअरप्लगला जातात.

सौ_एडिसन
मी न्यू जर्सीची, मला एक बेसिक शंका. तुमच्याकडे हे सगळं काउंटी ठरवते? आमच्याकडे झोनिंग म्हणजे टाउनशिप. काउंटीकडे काही रस्ते, पार्क, कोर्ट वगैरे. आमच्या राज्यात ५६४ म्युनिसिपालिट्या आहेत आणि प्रत्येकीला वाटतं आपण वेगळा देश. एडिसनमध्ये काही बांधायचं तर एडिसनच्या बोर्डापुढे. काउंटीच्या मीटिंगला मी आजवर गेलेली नाही आणि कोणी गेल्याचं ऐकलंही नाही.

ऑस्टिनचा_बाळ
आणि टेक्सासमध्ये शहराच्या हद्दीबाहेर काउंटीला झोनिंगचा अधिकारच नाही जवळपास. तुमच्या बाजूला काँक्रीट प्लांट आला तर काउंटी कमिशनर तुमच्याबरोबर हळहळतो, एवढंच करू शकतो. तुम्हाला हिअरिंग तरी आहे, आनंद माना.

भटकी_जमात
सौ. एडिसन, व्हर्जिनियात बहुतेक ठिकाणी काउंटी हेच मुख्य. अॅशबर्न हे मुळात गाव म्हणून अस्तित्वातच नाही, ना महापौर ना काउन्सिल. पोस्टाचा पत्ता आहे फक्त. लीसबर्ग, पर्सलव्हिल, मिडलबर्ग अशी काही टाउन्स आहेत, बाकी सगळा कारभार नऊ सुपरवायझर. आठ डिस्ट्रिक्टचे आठ आणि एक अध्यक्ष, ज्यांना अख्खी काउंटी निवडते. सध्या फिलिस रँडल, २०१६ पासून.

कनेक्टिकटमध्ये तर काउंटी सरकारच नाही, १९६० ला बरखास्त केलं. नकाशावर नावं तेवढी राहिली.

व्हीडॉट_पीडित
नऊ सुपरवायझर म्हणे सगळा कारभार. रस्ते सोडून बोला! १९३२ च्या कायद्यापासून व्हर्जिनियात काउंटीतले रस्ते राज्याचे. आर्लिंग्टन आणि हेनरायको या दोन काउंट्या सोडल्या तर तुमच्या घरासमोरचा रस्ता राज्याच्या खात्याचा.

हे मला कसं कळलं? आमच्या गल्लीत लोक ४५ ने गाड्या मारतात म्हणून स्पीड हंप पाहिजे होता. एचओए (आमची घरमालकांची सोसायटी) म्हणाली काउंटीला सांगा. काउंटी म्हणाली रस्ता राज्याचा आहे पण अर्ज आमच्यामार्फत. मग ट्रॅफिक मोजणार. मग शेजाऱ्यांच्या सह्या. कोपऱ्यावरचे एक गृहस्थ सही द्यायला तयार नाहीत, त्यांना हंपवरून त्यांच्या टेस्लाचं पोट घासेल अशी भीती. हंप अजून आलेला नाही, पोरगा मात्र ड्रायव्हिंग शिकला आणि आता तोच ४५ ने जातो.

आणि गंमत म्हणजे नवीन रस्ते आणि रुंदीकरण यावर काउंटी स्वतःचे ढीगभर पैसे घालते. बांधायचे आम्ही, सांभाळणार ते.

लेगस्पिन
अवांतर: हॅन्सन पार्कच्या क्रिकेट ग्राउंडचं बुकिंग कोणाला मिळतंय का वीकेंडला?

खवट_म्हातारा
आला क्रिकेटवाला. गाव कुठलंही असो.

लेगस्पिन
आजोबा, हा विषयाला धरूनच आहे! धाग्याचं नाव 'काउंटी' आहे ना. पार्क आपोआप उगवत नाहीत. आमच्या लीगमधले लोक बजेटच्या हिअरिंगला टीशर्ट घालून रांगेने जाऊन बसायचे, तेव्हा कुठे सॉकर-बेसबॉलच्या पलीकडेही खेळ असतो हे डोक्यात शिरलं. तोपर्यंत आम्ही शाळांच्या मैदानावर मॅटिंग टाकून खेळायचो आणि दर मॅचला कोणीतरी येऊन विचारायचं की परमिट आहे का.

पाटीवाचक
लेगस्पिनचं उदाहरण चांगलंय, मी तेच सांगणार होतो. ते लोक काय म्हणाले? 'आम्हाला अमुक पाहिजे.' एका ओळीत. देता येण्यासारखं.

चहाबाज, मी आधीच्या नोकरीत एका इंजिनियरिंग फर्ममध्ये होतो, अर्जदारांच्या बाजूने. त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगतो. अर्ज येतो, मग तो काउंटीच्या वेगवेगळ्या खात्यांकडे फिरतो, झोनिंग, ट्रान्सपोर्टेशन, पर्यावरण, फायर, राज्याचं रस्ते खातं. प्रत्येक जण शेरे मारतो. अर्जदार उत्तर देतो. असे फेरे महिनोन्महिने चालतात. मग स्टाफ रिपोर्ट. मग प्लॅनिंग कमिशन, जे निवडून आलेलं नसतं, सुपरवायझरांनी नेमलेलं असतं, ते फक्त शिफारस करतं. मग बोर्ड. तुम्ही ज्या रात्री माइकसमोर उभ्या राहता त्या रात्रीपर्यंत सुपरवायझर अर्जदाराच्या वकिलाला अनेकदा भेटलेले असतात. तुम्हाला पहिल्यांदाच बघतात. भ्रष्टाचार वगैरे नाही हा, वकिलाने अपॉइंटमेंट मागितली आणि तुम्ही नाही मागितली, एवढंच.

म्हणून आत्ता, आज, काउंटीच्या साइटवर त्या पाटीवरचा अर्जाचा नंबर टाका. सगळी कागदपत्रं दिसतात. साइट प्लॅनवर तुमच्या घराकडची बाजू कुठली, तिथे काय ठेवलंय, जनरेटर यार्ड की पार्किंग, इमारत किती उंच, झाडांचा पट्टा किती फूट राहतोय, हे बघा. जनरेटर तुमच्या बाजूला असतील तर पलीकडे न्या म्हणा. हे अर्जदार खूप वेळा ऐकतो, कारण त्याला नकाशा उलटा करायला सुरुवातीला फार खर्च येत नाही. आणि त्या भागाच्या प्लॅनिंग कमिशनरला आणि सुपरवायझरच्या ऑफिसला भेटायची वेळ मागा. मिळते.

पूर्ण नामंजूर होईल असं धरू नका. अटी पदरात पाडून घ्या. स्पेशल एक्सेप्शन अटींसकट मंजूर होतं आणि त्या अटी जमिनीला चिकटतात, उद्या मालक बदलला तरी.

मेट्रो_प्रवासी
आधीच ठरलेलं असतं असं म्हणणाऱ्यांसाठी एक आठवण. ३ जुलै २०१२. मेट्रोच्या सिल्व्हर लाइनच्या दुसऱ्या टप्प्यात पैसे घालायचे की अंग काढून घ्यायचं यावर लाउडन बोर्डाचं मतदान. नऊच्या नऊ सदस्य एकाच पक्षाचे, रिपब्लिकन, आणि तरी निकाल ५ विरुद्ध ४. एक मत फिरलं असतं तर काउंटी बाहेर पडली असती. मी तेव्हा स्टर्लिंगला भाड्याने राहायचो आणि आमच्या ऑफिसात त्यावरून अक्षरशः पैजा लागल्या होत्या.

मेट्रो यायला मग २०२२ चा नोव्हेंबर उजाडला ती गोष्ट वेगळी. पण आज मी अॅशबर्नला गाडी लावून डीसीत जातो, तासभर लागतो, बसून जातो.

खवट_म्हातारा
बसूनच जाणार, रिकामी असते. लाउडन गेटवे स्टेशनला उतरून दाखवा कधीतरी. चहूबाजूंना डेटा सेंटर. सर्व्हर मेट्रोने कामावर जातात बहुतेक.

मेट्रो_प्रवासी
ते खरंय, पण त्याला कारण आहे. ते स्टेशन डलस विमानतळाच्या नॉइज झोनला लागून आहे, तिथे घरं बांधू देत नाहीत. घरं नाहीत म्हणजे मग उरलं काय, ज्यांना विमानाच्या आवाजाने त्रास होत नाही तेच येणार.

मास्तरीण
इतका वेळ वाचत होते, आता लिहितेच. मी या काउंटीत शिकवते आणि वेस्ट व्हर्जिनियातून येते, कारण इथे घर परवडत नाही. आमच्या शाळेतले निम्मे लोक असेच येतात.

डेटा सेंटरला विरोध समजू शकते. पण मेट्रोजवळ अपार्टमेंटचा अर्ज आला की हीच मंडळी त्याच माइकसमोर येतात. ट्रॅफिक वाढेल, शाळा भरतील, कम्युनिटीचं कॅरेक्टर बदलेल. १९९० साली लाउडनची लोकसंख्या ८६ हजार होती, २०२० ला ४ लाख २१ हजार. म्हणजे आपण सगळेच कोणाचं तरी कॅरेक्टर बदलून इथे आलोय. आपलं घर नावावर झालं की मागून दार लावायचं हे बरं आहे. आणि आपल्या लोकांत हे जास्तच दिसतं असं माझं मत, राग आला तर येऊ दे.

टॅक्सवाचवा
मास्तरीणबाई, दंडवत. +१००

चहाबाज
मास्तरीण, मला राग नाही आला, पण माझ्यावर अन्याय झाला :) मी अपार्टमेंटविरुद्ध कधी बोलले नाही. खरं सांगायचं तर त्या जागी टाउनहाउस आले असते तर मी पेढे वाटले असते, निदान दिवाळीत फराळ द्यायला शेजार तरी वाढला असता. आता कोणाला देणार, सिक्युरिटी गार्डला?

मास्तरीण
गार्डलाही द्या, तोही वेस्ट व्हर्जिनियातून येत असेल.

कोथरूडकर
पुण्यातून वाचतोय आणि तुमचा हेवा वाटतोय. प्लॉटवर पाटी लागते! अर्जाचा नंबर टाकला की नकाशा दिसतो! आमच्याकडेही १९६६ च्या कायद्याखाली विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात, लोक हजारोंनी देतात, सुनावणीला टोकन घेऊन बसतात. त्यानंतर आराखडा मंत्रालयात जातो आणि तिथे काय होतं ते पर्वतीवरून दिसत नाही. पीएमआरडीएचा (पुणे महानगर प्राधिकरणाचा) प्रारूप आराखडा इतकी वर्षं चालला, हरकतींचा डोंगर झाला आणि २०२५ मध्ये सरकारने तो गुंडाळूनच टाकला. आणि २०२२ पासून २०२६ च्या सुरुवातीपर्यंत आमच्या महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक. सांगणार कोणाला?

नऊ माणसं समोर बसून तीन मिनिटं ऐकतात ही चैन आहे हो.

भटकी_जमात
कोथरूडकर, मंत्रालय आमच्याकडेही आहे, रिचमंडला. इथे काउंटीला राज्याने जेवढे अधिकार लिहून दिले तेवढेच. वीजवाहिनीचं बघा. डेटा सेंटरना वीज लागते म्हणून डोमिनियन या वीज कंपनीची 'गोल्डन ते मार्स' लाइन, लाउडन व्हॅली इस्टेट्सच्या घरांजवळून. तिथे आपली देशी वस्ती बरीच. लोकांनी जमिनीखालून न्या म्हणून केवढी मोहीम काढली, मोर्चे, पत्रं, सगळं. पण हा निर्णय काउंटीचा नाहीच, राज्याच्या कॉर्पोरेशन कमिशनचा. ग्रीनवे या टोल रस्त्याचंही तेच, रस्ता खाजगी, दर ठरवणार कमिशन. काउंटी फक्त आपलं म्हणणं मांडणार, आपल्यासारखंच.

आणि हिअरिंगला फरक पडत नाही म्हणणाऱ्यांनी शेजारच्या प्रिन्स विल्यम काउंटीची डिजिटल गेटवे ही डेटा सेंटरची योजना बघावी. २,१०० एकर, मनॅसस युद्धभूमीला लागून. डिसेंबर २०२३ मधलं हिअरिंग २७ तास चाललं. सत्तावीस! लोक रात्रभर बसले होते, उशा घेऊन आलेले. शेवटी ४ विरुद्ध ३ ने मंजूर, एक तटस्थ. बोर्डाच्या अध्यक्षबाई त्याआधीच प्रायमरी (पक्षांतर्गत निवडणूक) हरलेल्या, जाता जाता करून गेल्या. लोक हरले ना? नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये कोर्टाने ते रिझोनिंगच (जमिनीचा झोन बदलणं) रद्द ठरवलं. कशावरून? वर्तमानपत्रातली नोटीस कायद्याप्रमाणे वेळेत छापली नव्हती म्हणून. मग पुढे अपील वगैरे आलंच.

खवट_म्हातारा
म्हणजे २७ तासांची भाषणं वाया आणि पेपरातल्या छोट्या जाहिरातीने काम केलं. मी तरी रोज छोट्या जाहिराती वाचतो. घरात सगळे हसतात.

चहाबाज
सगळ्यांचे आभार. पाटीवाचक, तुमचं ऐकून सुपरवायझरच्या ऑफिसला ईमेल केली, दुसऱ्या दिवशी त्यांच्या असिस्टंटचा फोन आला, चांगली वीस मिनिटं बोलली. प्लॅनिंग कमिशनचं हिअरिंग व्हायचंय अजून. नकाशा पाहिला. जनरेटर आमच्याच बाजूला आहेत, अगदी झाडांच्या पट्ट्याला लागून, आणि तो पट्टाही निम्मा होतोय. नवऱ्याला नकाशा दाखवला तर तो माझ्यापेक्षा जास्त तापला, पाहुणेपण संपलं.

बोलण्याचा कच्चा खर्डा: आम्ही इथे का आलो, आमच्या मुलांचं बालपण, निसर्गाशी असलेलं नातं, हरणं, मग आवाज, मग जनरेटर, मग झाडं, मग विनंती. वाचून दाखवलं तर पाच मिनिटं होतायत. काय कापू?

पाटीवाचक
बालपण, निसर्ग, हरणं कापा. सगळेच हरणांबद्दल बोलतात. पहिल्या वाक्यात पत्ता, दुसऱ्यात मागणी: जनरेटर यार्ड पूर्वेकडे हलवा. झाडांचा पट्टा आहे तेवढा ठेवा. जनरेटर टेस्टिंग फक्त कामाच्या दिवशी, दिवसा. या तिन्ही गोष्टी मंजुरीच्या अटींत लिहा. कागदाच्या प्रती नऊ जणांसाठी न्या, नकाशावर लाल पेनने गोल करून.

निद्रानाश
आणखी एक घाला, माझी कळकळीची विनंती. आवाजाचा अभ्यास मागा आणि तो 'डीबीसी' मध्येही मागा, नुसता 'डीबीए' नको (आवाज मोजायच्या या दोन पद्धती). डीबीए मीटर खालच्या पट्टीचा आवाज जवळजवळ धरतच नाही, आणि ही घूं तिथेच असते. माझ्याकडे आलेला माणूस म्हणूनच 'मर्यादेत आहे' सांगून गेला. आणि मोजणी इमारत सुरू झाल्यावर पुन्हा करायची अट घाला, कागदावरचा अंदाज सगळेच पास होतात.

पाटीवाचक
हे माझ्या यादीत नव्हतं. चौथी अट म्हणून घ्याच.

चहाबाज
घेतली. हरणं कापली, जड अंतःकरणाने. हिअरिंगसाठी लीसबर्गला जाताना आमच्या गाडीत दोन जागा आहेत, कोणी येणार का?

मास्तरीण
मी येते, मला शाळेपासून उचला. बोलणार नाही, टाळ्या वाजवू देत नाहीत तरी बसते.

टॅक्सवाचवा
मी येतोय, पण मी अर्जाच्या बाजूने बोलणार आहे. तरी लिफ्ट मिळेल का?

चहाबाज
जाताना नक्की. येताना बघू.